फुटका तुंबा

"ओतेंग, जाकिटाची बटणं लाव आधी," बोइत्सेपोने मुलीवाल्यांच्या फाटकाशीच धाकट्या भावाला बजावलं.

अजून उजाडायचं होतं. तिच्या मुलासाठी, कागोसाठी, मुलगी मागायला मामानेच यायला हवं, आणि हा मामा सारी उमेद बोट्स्वानाचा राजदूत म्हणून परदेशात. घरातली एकही मागणी त्याने पाहिली नव्हती. "दुसऱ्या कुणाला तरी पाठवू," कागोचे चुलते म्हणाले होते. बोइत्सेपोने ऐकलं नव्हतं.

"आणि कमी बोल."

"अगं, आयुष्यभर बोलणीच तर केली मी."

"म्हणून तर सांगते."

अंगणात पुरुष ठेंगण्या स्टुलांवर बसले, बायका शाली पांघरून चटयांवर. ओतेंगने मुलगी मागायचं ठरलेलं वाक्य म्हटलं, "आम्ही पाण्याचा तुंबा मागायला आलोय."

"तुंबा?" मुलीची आत्या मा-तुमेलो आभाळाकडे बघत म्हणाली. "आमच्याकडे नाही बाई. होता तो फुटला."

ओतेंग शांतपणे उठला. युरोपात गोमांसाच्या कराराची बोलणी अडली तेव्हाही तो असाच उठला होता. समोरचे जिन्यापर्यंत धावत आले होते. "तुमच्या अडचणीचा आम्ही आदर करतो," म्हणत तो फाटकाकडे निघाला. मामा उठला म्हणून चुलतेही उठले.

मागून कुणी धावलं नाही. मा-तुमेलोचा चेहरा मात्र पडला. पाहुणे फाटकाबाहेर गेले की मागणी मोडली.

बोइत्सेपोने त्याचं जाकीट मागून धरलं. "पाय बाहेर टाकू नकोस!"

"त्या नाही म्हणाल्या ना?"

"पहिल्यांदा सगळेच नाही म्हणतात. बसून राहायचं असतं, गाढवा!"

ओतेंग परत येऊन स्टुलावर बसला. त्याचे कान तापले होते.

"काय साहेब," मुलीची आजी चटईवरून म्हणाली, "देशाचं कामही असंच उठून जाऊन केलंत?"

"हो आजी. ते परके होते, उठून जाता यायचं."

आजी हसली नाही, पण सरकून तिने त्याला भिंतीच्या आडोशाला जागा दिली.

त्याने पुन्हा तुंबा मागितला. पुन्हा नाही. ऊन गोठ्यावरून अंगणात उतरलं, गुडघे दुखायला लागले, चुलते पेंगले. तो हलला नाही. जरा वेळाने पुन्हा मागितला.

अखेर मा-तुमेलो आत गेली आणि चांगला धडधाकट, काठोकाठ भरलेला तुंबा घेऊन आली.

"मामा, पाणी घ्या."

ओतेंगने दोन्ही हातांनी तुंबा धरला. पाणी ओघळून जाकीट भिजलं, तरी तो पीतच राहिला.

"आता तुंबा परत देता, की तोही घरी नेता?" मा-तुमेलो म्हणाली.

"पिऊ दे गं त्याला," बोइत्सेपो म्हणाली. "लांबून आलाय."