शिशाच्या गोळीवरची खूण

मी एक जुना प्रेस आहे, मित्रांनो. पेपर छापायचा नव्हे, आणि कपड्यांना इस्त्री करायचा तर नाहीच नाही. मी काडतुसं भरायचा हातप्रेस आहे. अंग बिडाचं, दांडा पोलादी, दांड्याच्या टोकाला लाकडी मूठ. ती मूठ कधीकाळी लाल होती, आता घामानं काळी पडली आहे. माझ्या जन्माचं काय सांगू? वितळलेलं बीड साच्यात ओततात, थंड झालं की कानस मारतात, रंग देतात आणि खोक्यात घालतात. बारसं करायला कोणी येत नाही.

तुम्हाला वाटत असेल, झाडलेलं काडतूस लोक फेकून देतात. अमेरिकेतल्या आमच्या मोंटानात तसं नाही. गोळी उडून जाते, पण पितळेची नळी मागे उरते. ती माझ्यात बसवून दांडा ओढला की तळाची ठिणगी देणारी टोपी, आता जळकी, गळून पडते आणि फुगलेली नळी पुन्हा मापात येते. मग तिला नवी टोपी बसवायची, आत मोजून दारू ओतायची, बंदुकीची हो, आणि वरून शिशाची गोळी दाबून बसवायची. झालं काडतूस तयार. ऐकायला सोपं आहे. पण एक नळी चुकून रिकामी राहिली, तर नुसती टोपी वाजते आणि गोळी बंदुकीच्या नळीतच अडकते. त्यामागून दुसरी उडवली की बंदूक फुटते, आणि ती हातातच फुटते.

माझा मालक डेलमार हॉगन. त्यानं मला गॅरेजमधल्या ओंडक्यासारख्या बाकाला चार बोल्टनी आवळलं आणि तिथंच माझी हयात गेली. डेलमारचे नियम कडक. भरताना रेडिओ बंद, गप्पा बंद. दारू ओतलेल्या नळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीनं उभ्या करायच्या आणि टॉर्च मारून प्रत्येकीच्या तोंडात डोकवायचं. दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. आणि पितळ कधीही फेकायचं नाही. हा शेवटचा नियम तर त्याच्या रक्तातच होता. चिरलेली, वाकलेली नळीसुद्धा तो डब्यात टाकायचा आणि म्हणायचा, "राहू दे. लागते कधीतरी."

त्याची एकुलती एक मुलगी लोर्ना. ती माझ्या दांड्याला लोंबकळतच मोठी झाली म्हणा ना. तिनं लग्न केलं वेंडेल प्रॅदरशी. वेंडेल शहरातून आलेला, गावच्या शाळेत बँड शिकवायचा. डेलमारला तो एक दिवससुद्धा आवडला नाही. आमच्याकडं जावई सासऱ्याला सरळ नावानं हाक मारतो. डेलमारनं तेवढीही मुभा दिली नव्हती. लग्नाला तीन वर्षं झाली तरी वेंडेल त्याला मिस्टर हॉगन म्हणायचा आणि डेलमार ते ऐकून मिशीत हसायचा.

दर शरदात डेलमार डोंगरात एल्कच्या शिकारीला जायचा. एल्क म्हणजे घोड्याएवढं थोराड हरीण. सोबत शेजारचा आर्लो स्टेनेरूड आणि लोर्ना. वेंडेल घरी. कारण डेलमारच्या तंबूत ज्यानं त्यानं स्वतःच्या हातानं भरलेली काडतुसं आणायची, आणि वेंडेलला भरता येत नव्हती. चौथ्या वर्षी तो डोक्यावरची टोपी हातात घेऊन गॅरेजच्या दारात उभा राहिला.

"मिस्टर हॉगन, मला शिकवाल का?"

"या या, जावईबापू! पिपाणी घरी ठेवून आलात वाटतं?"

आर्लो बाजूला कॉफी पीत बसला होता. तो कशालाही हसायचा, याला तर फारच हसला.

वेंडेल शिकायला लागला. खरं सांगतो मित्रांनो, इतका हळुवार हात माझ्या दांड्याला कधी लागला नव्हता. काम झालं की तो मला फडक्यानं पुसायचा. डेलमार मात्र त्याच्या मानेवर बसलेला असायचा.

"सांडलीस! अंडं तरी उकडता येतं का रे तुला?"

"सॉरी. पुन्हा मोजतो."

"मोज, मोज. तोवर एल्क म्हातारं होऊन आपल्या मरणानं मरेल."

"बाबा, पुरे की आता," लोर्ना दारातून ओरडायची. "तुम्ही पहिल्यांदा भरलीत तेव्हा काय आभाळातून शिकून आला होतात?"

"तू गप गं. मी पुरुषाला शिकवतोय. निदान तसा प्रयत्न करतोय."

वेंडेल सगळं गिळायचा. त्याला त्या तंबूत जागा हवी होती, बायकोच्या शेजारी. एवढंच त्याचं मागणं. त्यानं एक डबाभर काडतुसं भरली. टॉर्च मारून प्रत्येक नळी पाहिली, मग सगळी पुन्हा पाहिली. मी साक्षीला होतो. एकही नळी रिकामी नव्हती. मग त्यानं ती आपल्या निळ्या बिस्किटांच्या डब्यात कापूस घालून ठेवली आणि पोरासारखा हसला.

दुसऱ्या दिवशी रविवार. वेंडेल आणि लोर्ना चर्चला गेले. डेलमार आणि आर्लो गॅरेजमध्ये आले. डेलमारनं माझ्या डोक्यात चिमटा बसवला. हा चिमटा चुकलेल्या काडतुसाची गोळी उपटून काढण्यासाठी असतो. त्यानं वेंडेलच्या डब्यातलं एक काडतूस घेतलं, गोळी उपटली, आतली दारू ओतून घेतली आणि गोळी पुन्हा जिथल्या तिथं बसवली. मग आणखी एकाचं तसंच केलं.

"दुसरं कशाला?" आर्लोनं विचारलं.

"राखीव. पहिलं कुठं पडलंबिडलं तर?"

"आणि अडकलेल्या गोळीमागं त्यानं पुढची झाडली तर?"

"मी मागंच असणार ना! फुस्स झालं की बंदूक हातातून काढून घ्यायची. मग वर्षभर हसायचं."

आर्लो हसला. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती. पण मला दांडा आहे, आणि तो दुसऱ्यानं ओढायचा असतो.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मी बाकाला जखडलेला. गॅरेजमध्ये जे बोलणं झालं त्यातून मला कळलं. डोंगरात डेलमारनं जावयाची बंदूक प्रेमानं मागून घेतली, स्वतः भरून दिली, ते खास काडतूस अगदी पहिलं. खालचा दांडा ओढून पुढचं काडतूस चढवायची जुनी बंदूक होती ती. एल्क समोर आलं, वेंडेलनं चाप ओढला आणि फुस्स झालं. मागे आर्लो आणि डेलमार पोट धरून हसायला लागले. वेंडेल लालबुंद होऊन उभा राहिला. नवऱ्याला हसताहेत हे लोर्नाला सहन झालं नाही. रागात बापाची सगळी शिकवण विसरून तिनं त्याच्या हातातून बंदूक हिसकावली, दांडा ओढला आणि पळत्या एल्कवर धरली. डेलमार "नको!" म्हणून ओरडला, पण त्या ओरडण्यात अजून हसू होतं. बंदूक फुटली.

लोर्नाच्या डाव्या हाताचा अंगठा राहिला आणि करंगळी राहिली.

मित्रांनो, त्या वेळी डेलमारनं खरं सांगितलं असतं, तर माझी गोष्ट इथंच संपली असती. इस्पितळातून आल्यावर वेंडेल गॅरेजमध्ये धावत आला. त्याचा सदरा रक्तानं कडक झाला होता.

"मिस्टर हॉगन, उरलेली काडतुसं कुठायत? उघडून बघू या. मी सगळ्यांत दारू घातली होती. मी बघितलं होतं हो!"

"नदीत फेकली," डेलमार म्हणाला. "आणि बघितलं होतंस तर माझ्या पोरीची बोटं कुठं गेली?"

"मी दोनदा टॉर्च मारला होता."

"मारला असशील. बघितलं नसशील."

आर्लो तिथंच होता. तो बुटाकडं बघत राहिला.

महिनाभर वेंडेल रोज यायचा, बाकापाशी उभा राहायचा आणि रिकाम्या ठोकळ्यात टॉर्च मारायचा. आधी म्हणायचा, "मी बघितलं होतं." मग म्हणायला लागला, "बघितलं होतं ना?" आणि एक दिवस म्हणाला, "शेवटच्या ओळीत असेल बहुतेक." डेलमारनं फुटकी बंदूक माझ्या वर भिंतीला टांगली. आला गेला त्याला दाखवायचा, "बघा, नवशिक्याचं काम." वेंडेलसमोर दाखवायचा. शेवटी त्यानं वेंडेलला जवळ बसवून, पहिल्यांदाच मायेनं, सांगितलं, "रोज तिचा हात बघत जगशील? आणि तिनं रोज तुला बघायचं? जा बाबा. तिला सुटू दे." नाताळाआधी वेंडेल गाव सोडून गेला. लोर्नानं खूप अडवलं. तिनं त्याला कधीच माफ केलं होतं. पण माफ केलं म्हणजे चूक त्याचीच, हे तिनंही मानलं होतं.

लोर्ना बापाकडं परत आली. डेलमारला हवं होतं ते मिळालं.

चार वर्षं गेली. डेलमारचे हात थरथरायला लागले. त्याला दारू मोजता येईना, म्हणून लोर्ना भरायला बसली. मूठ उजव्या हातात, नळी डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि करंगळीत. अशा हातानं ती नाताळात बटाट्याच्या पोळ्याही लाटायची. बाप शेजारी खुर्ची टाकून बसायचा.

"चिमट्यासारखा हात झालाय तुझा. सांडतंय बघ."

"सांडू दे. तुम्ही नीट धरून दाखवा की मग."

एका दुपारी तिच्या हातून एक गोळी वाकडी बसली. तिनं माझ्या डोक्यात चिमटा बसवला आणि ती उपटली. शिसं मऊ असतं. गोळीच्या गळ्याशी चिमट्याच्या दातांची गोल खूण उठली. तिनं ती बघितली आणि गोळी बाजूला ठेवली. मग नळ्या कमी पडल्या म्हणून बाकाखालचा सर्वांत खालचा खण उपसला. वाकलेल्या, चिरलेल्या पितळेच्या ढिगाखाली निळा बिस्किटांचा डबा होता.

नदीत फेकला म्हणून सांगितलेला डबा! पण डेलमारच्यानं पितळ फेकवलंच नव्हतं. स्वतःचं पाप झाकायलासुद्धा नाही.

लोर्नानं एकेक काडतूस बाहेर काढलं. एकाच्या गोळीवर गळ्याशी दातांची खूण होती. तिनं ते कानाशी हलवलं. मग तेवढं एकच माझ्यात धरून उपटलं आणि नळी तळहातावर उलटी केली. काही पडलं नाही. वेंडेलला चिमटा कधी दाखवलाच नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

डेलमार आणि आर्लो कॉफी घेऊन आले, तेव्हा गोळी बाकावर उभी होती.

"बाबा, हे दात कोणाचे?"

डेलमारनं पाहिलं. कप बाकावर ठेवताना त्याची कॉफी सांडली.

"अगं, जुनं काहीतरी..."

"वेंडेलच्या डब्यातलं आहे. कोणाचे दात?"

"गंमत होती गं, लोर्ना," आर्लो पुटपुटला. "कोणाला लागावं असं आमच्या मनात नव्हतं. खरंच, नुसती गंमत."

"म्हणजे तुम्हालाही माहीत होतं, आर्लोकाका? चार वर्षं माझ्या हातची कॉफी पीत होतात!"

"मी 'नको' म्हणून ओरडलो होतो," डेलमार म्हणाला. "तू ऐकलं नाहीस."

तो रडेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "आता नळी परत डब्यात टाक. वाया जाईल."

तिनं पाना घेतला. चार बोल्ट गंजले होते, एका हातानं निघेनात. बाप खुर्चीत बसून बघत होता. ती अंगठ्यानं आणि करंगळीनं पाना दाबून धरायची आणि उजव्या हातानं हिसके मारायची. बोटांच्या खुंटांतून रक्त आलं, पण तिनं मला बाकावरून उपटलं आणि पिकअपमध्ये टाकलं. "लोर्ना, मी काय करू आता?" डेलमारनं विचारलं. तिनं गाडी सुरू केली. थरथरत्या हातांचा म्हातारा आणि चार भोकांचा बाक, एवढं मागे ठेवून आम्ही निघालो.

वेंडेल बिलिंग्ज शहरात फर्निचरच्या दुकानात हिशेब बघत होता. लोर्नानं मला त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. चिमटा बसवून दाखवला, दुसऱ्या एका काडतुसाची गोळी उपटून दाखवली, दोन्ही खुणा शेजारी ठेवल्या.

"तू चुकला नव्हतास रे. बाबांनी काढली होती दारू. तू काहीच चुकला नव्हतास!"

वेंडेलनं गोळी खिडकीच्या उजेडात धरली. अंगठ्यानं ती खूण चोळली.

"पण लोर्ना, मला ती नळी दिसते ना. मी टॉर्च मारला, ती रिकामी होती, आणि तरी मी पुढं गेलो. रोज दिसते मला."

"अरे, असं झालंच नव्हतं!"

"मला दिसते पण."

त्यानं तिच्यासाठी कॉफी ठेवली. कप तिच्या उजव्या हाताशी आणून दिला. मग गॅस बंद केला का ते बघायला गेला. परत येऊन बसला. पुन्हा उठला आणि बघायला गेला. लोर्ना टेबलावर डोकं टेकून मोठ्यानं रडली.

मित्रांनो, मी बिडाचा. महिन्यातून तेलाचा थेंब मिळाला तर तुमच्या नातवंडांनाही पुरेन. माझी काळजी करू नका. तुमच्या घरात कोणी नव्यानं काही शिकत असेल, पोळी असो नाहीतर सायकल, तर चुकल्यावर त्याला हसा हवं तर. पण त्यानं न केलेली चूक त्याच्या पदरात घालू नका. आणि घातली असेल, तर आज संध्याकाळच्या आत जाऊन सांगा. चार वर्षांनी सांगून उपयोग नसतो, हे मी या टेबलावरून रोज बघतो.

लोर्ना इथंच राहिली आहे. वेंडेल जाता येता मला फडक्यानं पुसतो. दांड्याला मात्र त्यानं अजून हात लावलेला नाही.