ओढलेलं कापड

ब्लाउजची शिवण पुन्हा बिघडली, तेव्हा ज्योत्स्नानं मीराबाईंना घरी बोलावून आणलं. आंजी गावातल्या पोरींना त्याच शिवण शिकवायच्या.

"पाहा मावशी, मधामधात टाकेच गायब. आता एक जरी कापड वाया गेलं तर मशीन विकतो अन् हिले कापूस वेचाले पाठवतो."

ज्योत्स्नाची लेक मयुरी मान खाली घालून मशीनपाशी बसली होती. शाळा सुटली की ती याच मशीनकडे धावायची.

"रडू नको," मीराबाई म्हणाल्या. "टाका सुटला की आधी सुई पाह्यची. काढ."

त्यांनी सुई आरशावर आडवी ठेवायला लावली. टोकाखाली फट दिसत होती.

"वाकली. वाकली सुई खालच्या दोऱ्याले धरत नाई."

"पण आजी, कालच नवी लावली."

नवी सुई बसवली. दोरा पुन्हा ओवला, शटलमधला कचरा झाडला. मीराबाईंनी स्वतः एक पट्टी शिवली. टाके सरळ, सारखे पडले. मग मयुरी बसली, आणि वीतभर जात नाही तोच टाका सुटला.

"म्हणजे मशीन चांगली हाय, पोरगीच धड नाई!" ज्योत्स्ना म्हणाली.

मीराबाई मात्र मयुरीच्या डाव्या हाताकडे बघत होत्या. तो कापड मागून खेचत होता, त्यामुळे सुई वाकत होती.

"कापड काऊन ओढून राह्यली? मशीनचे खालचे दाते पुढं नेतात त्याले."

"मी कुठं ओढून राह्यली, आजी?"

मयुरी खोटं बोलत नव्हती. मीराबाईंनी तिचा हात उजेडात धरला. करंगळीवर भाजल्याचा फोड होता.

"हे कधी झालं?"

"इस्त्री लागली असंल. समजलंच नाई."

मनगटावर फिकट चट्टा होता. मीराबाईंनी कापसाची वात वळली. "डोळे मीट. लागलं की सांगजो."

त्यांनी वात चट्ट्यावर टेकवली, मग करंगळीवरून फिरवली.

मयुरी डोळे मिटून थांबली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "आजी, लावा ना आता."

ज्योत्स्नानं उठून दार लोटून घेतलं.

"मावशी, कोणाले सांगू नका. पोरीच्या जातीचं हाय."

"माह्या भावाचा महारोग मायनं असाच लपवला होता. त्याची बोटं वाकली ते वाकलीच. आता औषध हाय, सरकारी दवाखान्यात फुकट भेटते. रोग बरा होते. उद्याच वर्ध्याले जाऊ."

"अन् हात? हाताले पुन्हा समजंल काय?" ज्योत्स्नानं विचारलं.

मीराबाईंनी वात मुठीत दाबली. "डॉक्टर सांगतीन," एवढंच त्या म्हणाल्या.

सकाळी तिघी एसटीच्या थांब्यावर उभ्या होत्या. मशीनचं डोकं पोत्यात घालून दोरीनं बांधलं होतं. ते न्यायचं ज्योत्स्नानंच सुचवलं होतं.

"काऊन ज्योत्स्ना, मशीन विकाले निघाली काय?" पानठेल्यावरून पुंडलिकरावांनी हाक दिली.

"नाई भाऊजी. टाके सोडून राह्यली. वर्ध्याले दाखवतो."

मयुरीनं पोतं डाव्या हातात धरलं होतं. दोरी बोटांत रुतून बोटं पांढरी पडली, तरी तिनं हात बदलला नाही. शेवटी मीराबाईंनीच ते ओझं तिच्या उजव्या हातात दिलं.