मोंतेस्पार्वोला मिळालेला रविवार

सेत्तिमिओ बार्तोच्ची गेले, त्याच्या आदल्या दुपारी ते आणि त्यांची मुलगी ऑर्नेला स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. शर्यत समितीतले देलिओकाका दाराला टेकून उभे होते. काम सोडून सगळं करत होते.

"सेत्तिमिओ, निरीक्षकाला खायला काय घालायचं?"

"रस्ता."

"रस्ता खातो का तो?"

"तेवढ्यासाठीच तर येतोय."

"माझी बायको म्हणते ससा शिजवते."

"शिजवू दे. पण आधी रस्ता. पोट भरलेल्या माणसाला सगळीच वळणं सुरक्षित वाटतात."

ऑर्नेला हसली. ती पेरुज्याला कॉलेजात साहित्य शिकवायची आणि शुक्रवारी संध्याकाळी गावी यायची. बाबांनी तिच्यासमोरचा शेंगांचा ढीग अर्धा आपल्याकडे ओढून घेतला. "तू वाच जा. तुला या गप्पांचा कंटाळा येत असेल."

"मटार संपू दे," ती म्हणाली.

सकाळी कॉफीचं भांडं चुलीवर तसंच राहिलं. ते झोपेतच गेले होते.

गावातल्या कारंज्यापासून वर खिंडीपर्यंत जाणारा तो रस्ता म्हणजे सेत्तिमिओंचं आयुष्य होतं. दर सप्टेंबरात त्यावर शर्यत लागायची. एकेक गाडी सुटायची आणि घड्याळाशी झुंजत डोंगर चढायची. देशाच्या अजिंक्यपद मालिकेत अशा बारा शर्यती असतात आणि त्या आपल्या गावात व्हाव्यात म्हणून त्याच्या तिप्पट गावं रांगेत उभी असतात. दरवर्षी सर्वांत कमी गुण पडलेलं गाव खाली उतरतं आणि खालचं एक वर येतं. ही मालिका भरवणाऱ्या संघाने एका वर्षी मोंतेस्पार्वोला ऑक्टोबरातला रविवार दिला. धो धो पाऊस झाला, वरच्या वळणांवर डोंगरातलं पाणी रस्त्यावर आलं, एक गाडी भिंतीला घासली. चालकाला खरचटलंसुद्धा नाही. पण गावाचं नाव मालिकेतून गेलं.

त्यानंतर सेत्तिमिओंनी दर वर्षी अर्ज केला. दर वर्षी नम्र नकार आला. या वर्षी पहिल्यांदाच उत्तर आलं होतं, की माणूस पाठवतो, रस्ता बघतो.

अंत्यविधीनंतर समितीची मंडळी बारमध्ये जमली.  विषय देलिओकाकांनीच काढला. "पुढे ढकलायचं म्हटलं, तर ते हो म्हणतील. आणि पुन्हा कधीच येणार नाहीत."

सगळ्यांनी ऑर्नेलाकडे पाहिलं. तिने समोरच्या पेल्यातलं पाणी संपवलं.

"येऊ दे," ती म्हणाली.

घोळ झाला तो तारखेचा. निरीक्षकाचा रविवार सेत्तिमिओंनी ठरवला होता, आणि चर्चच्या दिनदर्शिकेकडे त्यांनी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. त्याच रविवारी ख्रिस्तदेहाचा सण आला. त्या दिवशी मोंतेस्पार्वोच्या बायका रस्त्यावर फुलांच्या पाकळ्यांचा गालिचा घालतात, आणि संध्याकाळी पाद्री पवित्र प्रसाद हातात घेऊन त्यावरून चालत जातात. त्यांच्या आधी त्यावर कुणाचं पाऊल पडायचं नाही, मांजराचंसुद्धा. एरवी गालिचा चर्चच्या गल्लीत असतो. पण यंदा ती गल्ली नळासाठी खणलेली. बायकांनी आपसात ठरवलं आणि पहाटे उठून गालिचा घातला तो शर्यतीच्या रस्त्यावर, कारंज्यापासून दुसऱ्या वळणापर्यंत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ऑर्नेलाला कुणी सांगितलं नाही. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

धक्का बसलाच. ती निरीक्षकाला घेऊन कारंज्याशी आली तेव्हा समोर गुलाब, पिवळी झुडपी फुलं, बडीशेपेचा हिरवा पाला, आणि अगदी मध्यावर काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा शर्यतीचा झेंडा होता. पांढरे चौकोन पाकळ्यांचे, काळे वापरलेल्या कॉफीच्या चोथ्याचे. अख्ख्या गावाने तो चोथा किती दिवस साठवला असेल, हे तिला एका नजरेत कळलं. 

निरीक्षक कूझिन उत्तरेकडचे. उंच, कोरडे, छत्री घेऊन फिरणारे. गाडीची किल्ली त्यांच्या हातातच होती.

"बाई, मला हा रस्ता वेगाने दोनदा चढायचाय. हे काय आहे?"

"फुलं."

"ते दिसतंय मला. झाडून घ्या."

कोपऱ्यावरून आस्सुंताबाई कडाडल्या. "झाडून? साहेब, पहाटेपासून गुडघ्यावर आहे मी! आधी मला झाडा!"

"प्रसाद जायच्या आधी?" दुसरी म्हणाली. "पाद्रीबाबा आम्हाला वर्षभर माफी देणार नाहीत."

"सेत्तिमिओने तुला जिवंत सोडलं असतं का, आस्सुंता?" देलिओकाका कपाळाला हात लावून म्हणाले. "शर्यतीच्या रस्त्यावर पाकळ्या! बर्फ तरी घालायचा होतास!"

"त्याच्यासाठीच केलंय, शहाण्या! झेंडा दिसत नाही?"

कूझिनांनी घड्याळ पाहिलं, मग किल्ली खिशात टाकली. तिला वाटलं, संपलं. आता हा माणूस गाडीत बसेल आणि उतारावरून निघून जाईल. बाबांची इतक्या वर्षांची खटपट एका सकाळीत, प्रेमाने, पाण्यात.

"भिंतीच्या कडेने एक माणूस जाईल एवढी जागा आहे," ती म्हणाली. "चालत जाऊ. वर देलिओकाकांची छोटी गाडी आहे. येताना तुम्ही ती चालवा, हव्या तितक्या वेळा."

"खिंडीपर्यंत चालत?"

"माझे वडील रस्ता नेहमी चालतच बघायचे."

कूझिनांनी तिच्या पायांकडे पाहिलं. तिने साधे सपाट बूट घातले होते. त्यांनी छत्री काठीसारखी धरली आणि भिंतीला खेटून निघाले.

फुलं संपली, रस्ता मोकळा झाला आणि पुढची वळणं सुरू झाली. मोंतेस्पार्वोत वळणांना आकडे नाहीत, घराण्यांची नावं आहेत. ब्रुनोरींचं वळण, दोन बहिणींचं वळण, चर्मकाराचं वळण. ज्या घरासमोर वळण, त्या घराने ते सांभाळायचं. शर्यतीच्या दिवशी झेंडा घेऊन तेच उभे राहणार, आणि बाकी वर्षभर खडी झाडणार, कुंपण बघणार. आज रविवार, त्यामुळे सगळी घरं दारात होती.

"इथं पाणी यायचं ना?" कूझिन ब्रुनोरींच्या वळणावर थांबले. त्यांना तो ऑक्टोबर आठवत होता.

ब्रुनोरींची सून पुढे आली. "यायचं. आता बघा." तिने बादली उचलली आणि डोंगराच्या बाजूने पाणी ओतलं. पाणी दगडी पाटात वळलं, रस्त्याखाली गेलं आणि पलीकडे दरीत पडलं. डांबर कोरडं राहिलं.

"पाट किती खोल?"

"गुडघाभर," ऑर्नेला म्हणाली. "वरच्या तीन वळणांवर जास्त. तिथला दगड मऊ आहे, म्हणून आत लोखंडी जाळी घातलीय."

"आणि इथं गाडी थांबली, तर वरच्याला कसं कळतं?"

"इथून वरचं वळण दिसत नाही, पण तानाकांच्या घराच्या गच्चीवरून दोन्ही दिसतात. म्हणून एक माणूस गच्चीवर असतो. रुग्णवाहिका त्यांच्या अंगणात."

प्रश्न येत राहिले. ती उत्तरं देत राहिली. सातव्या का आठव्या वळणावर तिला आपलाच आवाज ऐकू आला, न अडखळणारा, आणि ती जरा चपापली. हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. दर शर्यतीला ती मांडीवर पुस्तक घेऊन भिंतीवर बसायची. पानं उलटायची आणि एक ओळही वाचायची नाही.

खिंडीत पोचल्यावर कूझिन दगडावर बसले, घाम पुसला. "गाडीतून आलो असतो तर मला डांबर दिसलं असतं," ते म्हणाले. "बस्स." मग म्हणाले, "ससा आहे म्हणे?"

शरदात राजधानीत संघाची बैठक भरली. नव्या हंगामाची बारावी जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी दोनच गावं उरली होती. एक मोंतेस्पार्वो, दुसरं समुद्रकाठचं, ज्याच्याकडे मोठी हॉटेलं होती. त्यांच्या प्रतिनिधीने हेलिकॉप्टरमधून घेतलेली फिल्म दाखवली. फिल्म खरंच सुंदर होती.

मग कूझिनांचा अहवाल हातात घेऊन तो हसत ऑर्नेलाकडे वळला. "आमच्याकडे रस्त्यावर फुलं नसतात, एवढंच कमी आहे."

सभागृह हसलं. देलिओकाकांच्या मानेची शीर फुगली. "याला मी..."

"बसा, काका," ऑर्नेला म्हणाली आणि उठली. "फुलं होती. चूक आमची. पण ती घालायला पहाटे सगळं गाव रस्त्यावर आलं होतं, कुणी न बोलावता. शर्यतीच्या दिवशी तेच गाव त्याच रस्त्यावर उभं असतं. तुमच्या वळणांवर कोण असतं?"

"भाड्याने आणतो," तो म्हणाला. हसू जरा कमी झालं होतं.

कूझिन उठले. त्यांनी फार थोडं सांगितलं. पाट, जाळी, गच्ची. "तिथं प्रत्येक वळणाला मालक आहे," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं रस्ते बघतोय. असं दुसरीकडे पाहिलं नाही." आणि बसले.

हात वर झाले. अध्यक्षबाईंनी मोजले, पुन्हा मोजले आणि म्हणाल्या, "मोंतेस्पार्वो. सप्टेंबरचा दुसरा रविवार."

देलिओकाका खुर्चीवर चढले. खरोखर चढले, एवढ्या वयात. फोनवर गावातल्या बारला ओरडून सांगू लागले आणि पलीकडून असा गलका उठला की तो पुढच्या रांगेत ऐकू आला. कुणीतरी चर्चची घंटा वाजवायला धावलं होतं. समुद्रकाठचा प्रतिनिधी टाळ्या वाजवत आला आणि त्याने ऑर्नेलाचा हात दोन्ही हातांत घेतला. "पुढच्या वर्षी तुम्हाला खाली उतरवणार," तो म्हणाला.

"चालत या," ती म्हणाली.

"एक राहिलं," अध्यक्षबाई म्हणाल्या. आवाज हळूहळू निवला. "जबाबदार संचालक. अर्जावर सेत्तिमिओ बार्तोच्ची आहेत. आता कुणाचं नाव घालू?"

देलिओकाका खुर्चीवरून उतरू लागले. ते उतरेपर्यंत ती बोलली होती.

"बार्तोच्चीच ठेवा. ऑर्नेला."

"तुम्ही शिक्षिका ना? हे वर्षभराचं काम आहे, बाई."

"ठाऊक आहे." तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली. "मला हेच काम हवं होतं. लहानपणापासून, बाबांच्या शेजारी उभं राहून. त्यांना मी हे कधी सांगितलं नाही. आता सांगते."