आधार काढल्याची तारीख

अमेरिकेत ॲन आर्बरला सियाचं बारसं झालं ते साल दोन हजार तेवीस. बारशाला आलेल्या अहिल्याबाई हिवाळाभर तिथंच राहिल्या. त्यांची नात पद्मिनी, म्हणजे सियाची आई, विद्यापीठात इतिहासाची पीएचडी करत होती. विषय एकच: थॉर्नली साहेब, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला रेल्वेचा इंजिनियर.

एका दुपारी सियाला मांडीवर थोपटत अहिल्याबाई ऐकत होत्या. साहेब चोविसाव्या वर्षी बोटीनं हिंदुस्थानात आला, चौदा पूल बांधले, शेवटी चीफ इंजिनियर झाला.

"एकच पूल पडला, आजी. कोंडघाटचा. पण फॉल्ट त्याचा नव्हता. भिवा नावाचा हेड गवंडी होता, त्यानं चुना खराब वापरला."

अहिल्याबाईंचा हात थांबला. "चुनाचोराची पोर" हा टोमणा ऐकतच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. आता तेच नातीच्या पुस्तकात छापून येणार होतं.

"असं कोण म्हणतं?"

"साहेबाचा रिपोर्ट."

"पूल पडायच्या आधीचं काही लिहिलंय का त्यानं?"

पद्मिनीनं लॅपटॉपवर साहेबाची डायरी उघडली. "एकवीस मे, शेवटची कमान पूर्ण. सव्वीस मे, कमानीखालचे लाकडी आधार काढले, पुढच्या पुलाला हवे होते. एकोणतीसला पडला."

"पाच दिवसांत आधार काढले?" अहिल्याबाईंची सगळी तरणी वर्षं घाणीवर, बांधकामाचा चुना मळण्यात गेली होती. "अगं, पाच दिवसांचा चुना नखानं उकरून निघतो! एवढ्या कमानीला महिनाभर तरी हात लावत नाहीत. भिवाला हे कळत नव्हतं होय? माझा पणजोबा तो. गेला तेव्हा माझे आजोबा या सियाएवढे होते."

पद्मिनीचा चेहरा उतरला. "आजी, सोमवारी चॅप्टर सबमिट करायचाय. तीन वर्षं मी ह्याला हीरो करून लिहिलंय यार. आणि भिवा आपला निघाला, तर प्रोफेसर मलाच बायस्ड म्हणतील."

"मग माझं नाव घालू नकोस. तारखा घाल. त्या तर साहेबाच्याच हातच्या आहेत ना?"

पद्मिनीनं चॅप्टरची फाइल उघडली. मग रिपोर्टातलं वाक्य तसंच ठेवून तिनं त्याच्याआधी दोन्ही तारखा टाकल्या. साहेबाच्या बढतीची हकीकत सुरू होते तिथं थांबून आणखी एक ओळ लिहिली, आणि आजीसाठी ती मराठीत वाचली:

भिवा गवंडी आणि अकरा मजूर कोंडघाटच्या पुलाखाली २९ मे १८६६ रोजी मेले.