शेकलेला कॅमेरा

म्हाताऱ्या रिस्तेनच्या नजरेत मधोमध काळा डाग पसरत चालला होता. आकाश तिला केव्हाच पारखं झालं होतं, पण टीव्हीला नाक लावलं की कडेकडेने अजून दिसायचं. उन्हाळ्यापर्यंत तेही जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून तिच्या मुलाने, इस्साकने, कॅमेरा ओसरीतल्या थंडीतच ठेवला होता. दारातूनच उत्तरेच्या आकाशात झळकणाऱ्या ध्रुवप्रकाशाचा फोटो काढायचा आणि आईला टीव्हीवर मोठा करून दाखवायचा. पण ढग मेले मुक्कामालाच आलेले!

त्या संध्याकाळी खाडीवरचं आकाश एकदाचं उघडलं आणि हिरवं पेटलं. इस्साक ओसरीत धावला. तिपाई होती, कॅमेरा नव्हता.

"चुलीजवळ आहे," आई आतून म्हणाली. "मघाशीच आणला, शालीत गुंडाळलाय. तूच म्हणतोस ना, थंडीत बॅटरी मरते?"

बॅटरी उबेत ठेवायची, कॅमेरा नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. गारठलेला कॅमेरा उबेत येऊन आतबाहेर घामेजला होता. बाहेर नेताच त्या घामाचा बर्फ झाला. इस्साकने काच पुसली, फुंकर घातली, बर्फ आणखी दाटला. मग त्याने आपल्या जुन्या फोनने फोटो काढून पाहिला, त्यात नुसता काळोख आला. त्याने कचकचीत शिवी हासडली.

"प्रकाशाखाली शिव्या देतोस? ऐकू जातं त्याला!" आई ओरडली. "आला का फोटो?"

तिच्यावर चिडायचं तरी कसं? त्याला रडूच आलं. त्याने गुपचूप ध्रुवप्रकाशाचा एक जुना फोटो टीव्हीवर लावला.

रिस्तेनने पडद्याला नाक लावलं, मान तिरकी केली.

"छान आलाय. तुझ्या बाबांची होडीसुद्धा धक्क्याला लागलेली दिसते."

होडी विकून चार हिवाळे झाले होते.

"मी आंधळी होतेय रे, खुळी नाही," ती म्हणाली. "माझ्यामुळेच बिघडला ना कॅमेरा? असू दे. दारात जा आणि बघून सांग मला."

इस्साक दारात उभा राहिला. इतकी वर्षं त्याने हा प्रकाश कॅमेऱ्यातूनच पाहिला होता.

"हिरवा आहे," तो म्हणाला.

"ते ठाऊक आहे मला. पुढे?"

तो वर बघत राहिला. सवयीने त्याचे हात कॅमेरा धरायला डोळ्यांशी गेले आणि रिकामेच खाली आले.

"हिरवाच आहे, आई."