शेडमधला कोट

“गेल्या,” बेंजामिन तळकर पुटपुटला आणि त्याने दुर्बीण मांडीवर ठेवली.

ओकच्या रोपांपलीकडे सहा हरणी नुकत्याच उजेडात आल्या होत्या. पुढची थबकली, तिने नाक वर केलं, एकदा खरखरीत भुंकली, आणि सहाच्या सहा जणी पांढऱ्या शेपट्या उडवत झाडीत पसार झाल्या. रायफल खांद्याला लागायच्या आत सगळं आटोपलंसुद्धा.

“काका, मी हललोसुद्धा नाही. I swear,” शेजारी बसलेला श्रीकांत कुजबुजला. शिडीच्या टोकाला बांधलेल्या त्या लाकडी आसनावर दोघांना जेमतेम जागा होती.

“तुझा दोष नाही रे. माझंच आता संपलं.”

हे तो नोव्हेंबरपासून दर रविवारी म्हणत होता आणि आता मार्चचा तिसरा रविवार उजाडला होता. हॉब्ज नावाच्या शेतकऱ्याचं हे बकिंगहॅमशरमधलं रान. त्याने हजारभर ओक लावले होते आणि हरणी त्यांचे कोवळे शेंडे खुडून खात. पंधरा वर्षं दर हिवाळ्यात लंडनच्या हॅरो उपनगरातून गाडी हाकत येऊन बेंजामिन त्यातल्या दहा-बारा कमी करायचा. या मोसमात एकही नाही. हॉब्ज भला माणूस, म्हणून त्याने चहा देऊन विचारलं होतं, “बेन, पुढच्या मोसमाचं मार्चअखेर सांगशील? दोन तरुण पोरं विचारतायत.” त्यावर बेंजामिनने पोलिसांना पत्र लिहून ठेवलं होतं. वय अडुसष्ट, रायफल आणि परवाना परत करीत आहे. फक्त तारीख घालायची बाकी होती.

पत्र लिहिलं खरं, पण जीव तुटत होता. सारा जन्म त्याने हॉस्पिटलच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला, म्हणजे बिनखिडकीच्या अंधाऱ्या विहिरीत ग्रीस लावत. पन्नाशी उलटल्यावर एका सहकाऱ्याने त्याला पहिल्यांदा या आसनावर बसवलं. समोर धुकं उठलं, रॉबिन पक्षी बोलायला लागला, आणि हा गडी कायमचा कामातून गेला.

गंमत म्हणजे इतकी हरणं मारून त्याने एकाचाही घास खाल्ला नव्हता. तळकर बेने इस्रायल, मुंबईचे ज्यू. हरीण त्यांना चालतं, पण रीतीप्रमाणे सुरीने कापलेलं. गोळी घातलेलं नाही. म्हणून शनिवारी प्रार्थना, रविवारी शिकार आणि सोमवारी मटणाचं वाटप, असा त्याचा आठवडा. बायको, लिली, म्हणायची, “आख्ख्या इंग्लंडात असा शिकारी नसेल. मारतो हा आणि ढेकर देतात ब्रॅकनेलवाले!”

ब्रॅकनेलवाला म्हणजे त्या गावी राहणारा, ओळखीतला श्रीकांत. आयटीतली नोकरी, चाळिशी, डोक्यावर उरलेसुरले केस. गेली काही वर्षं तो काकांच्या हरणाचा झणझणीत रस्सा करायचा. यंदा स्वतः शिकारीची परीक्षा देऊन शिकायला आला, आणि पाच महिन्यांत त्याने हरणांच्या फक्त शेपट्या पाहिल्या. तरी काकांचे धडे तो फोनवर लिहून घेई. नवी करकरीत पँट घालायची नाही, वाजते. शिंगं बघत बसायचं नाही, नराच्या मागे कोणती हरणी उभी आहे ते बघायचं. मनात एक आणाही शंका असली तर चाप ओढायचा नाही. आणि वारा, वारा, वारा.

तो वाराच आता फिरला. इतका वेळ भरकटत हरणींच्या दिशेने जात होता, तो बेंजामिनच्या बाजूने श्रीकांतच्या तोंडावर आला. श्रीकांतने हुंगलं. त्याच्या पोटातून आवाज आला.

“काका, डब्यात काय आणलंय? माशाची आमटी?”

“डबा कुठला? बिस्किटं आहेत.”

“नाही हो. लसणीची फोडणी, नारळ, हिंग… full कोकण येतंय.” श्रीकांत नाक पुढे करत करत बेंजामिनच्या खांद्यापर्यंत आला आणि थांबला. “काका, सॉरी हां. हे तुमच्या कोटाला येतंय.”

बेंजामिनने बाही नाकाशी धरली. त्याला काहीच येईना. रोज त्याच वासात राहणाऱ्याला कसा येणार?

“कोट ठेवता कुठे तुम्ही?”

“स्वयंपाकघरात. दारामागच्या खुंटीला.”

“नेहमी?”

बेंजामिनने बाही खाली घेतली. नेहमी नाही. पंधरा वर्षं कोट बागेतल्या शेडमध्ये असायचा. लिलीची सक्त ताकीद होती. तिचं स्वयंपाकघर कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांनी चालणारं, भांडी वेगळी, आणि त्यात हरणाच्या रक्तातून आलेलं ते लक्तर? “अहो, ते ध्यान आधी बाहेर टांगा! बूटही! उंबऱ्याच्या आत आणलंत तर तुम्हीही शेडमध्ये झोपा!” थंडी असो, गारा असो, तो शेडमध्ये कपडे बदलून कुडकुडत घरात शिरायचा आणि मनातल्या मनात तिला शिव्या घालायचा.

ऑगस्टमध्ये लिली गेली. सात दिवसांचं सुतक संपलं, माणसं पांगली, लेक मायकेला मँचेस्टरला परतली. घरात इतकं गप्प गप्प झालं की एका संध्याकाळी त्याने शेडमधला कोट आणून स्वयंपाकघरात टांगला. कोणी ओरडलं नाही. कोट दिसला की घरात कोणीतरी आहेसं वाटायचं, म्हणून तिथेच राहिला. त्याच्या हातभर अंतरावर तो स्वतःसाठी मासे शिजवायला शिकला. आठवड्यातून चारदा फोडणी, शुक्रवारी जरा जास्तच.

“म्हणजे काका,” श्रीकांतला हसू आवरेना, “त्या हरणी रोज पायवाटेवरच्या माणसांचा वास घेतात, कुत्र्यांचा घेतात. पण लसणीची फोडणी त्यांनी जन्मात…”

बेंजामिनही हसला. हसता हसता त्याला भडभडून आलं. डोळे अधू झाले, हात गेले, वय झालं असं तो पाच महिने स्वतःला बजावत होता. तसं काहीच झालं नव्हतं. फक्त कोट बाहेर टांगा म्हणून ओरडणारी नव्हती.

त्या आठवड्यात कोट साध्या पाण्यातून तीनदा निघाला, साबणाचा थेंब न लावता, आणि दिवसरात्र बागेतल्या दोरीवर लटकला. पलीकडच्या पटेलबाईंनी कुंपणावरून विचारलंच, “अंकल, everything all right ना?” बेंजामिनने सहा दिवस पाव-चीजवर काढले. पत्र टेबलावर तसंच होतं. हा शेवटचा रविवार कोरडा गेला तर तारीख घालायची, हे त्याने ठरवलंच होतं. वासाचं कारण खरं असेल, पण खोटंही असू शकतं. म्हातारा माणूस स्वतःची समजूत कशानेही घालतो.

शेवटच्या रविवारी दव पडलं होतं. पावणेसातला हरणी आल्या, त्याच सहा. पुढचीने नाक वर केलं. श्रीकांतने श्वास रोखला. तिने नाक खाली केलं आणि शेंडा खुडला.

बेंजामिनने घाई केली नाही. गेल्या वर्षीच्या जन्माची एक मादी कळपापासून चार पावलं बाजूला, आडवी उभी होती. मागे मातीचा उंच बांध, म्हणजे गोळी पलीकडे जायची भीती नाही. पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर त्याने नेम धरला. हात दगडासारखा स्थिर होता. शंका एक आणाही नव्हती.

धप्प असा दबका आवाज झाला. मादी दोन पावलं गेली आणि पडली. सायलेन्सरमुळे बाकीच्यांना काय झालं ते कळेना. पाचही जणी माना उंचावून गोंधळून उभ्या राहिल्या.

“काका, अजून एक,” श्रीकांत ओठांतल्या ओठांत म्हणाला. “मस्त उभी आहे. घ्या.”

बेंजामिनने रायफलमधल्या गोळ्या काढून ती बाजूला ठेवली. या रानात पंधरा वर्षांत त्याने कधी कुजबुजण्यापलीकडे आवाज काढला नव्हता. तो आता घरातल्या घरात हाक मारावी तसा मोठ्याने म्हणाला,

“लिली! अगं, तुझ्या ओरडण्यावर शिकार करत होतो गं मी!”

पाच हरणी उधळल्या. कबुतरं फडफडली. श्रीकांतने कपाळाला हात लावला आणि मग हळूच खाली घेतला.

गोळीनंतर दहा मिनिटं खाली उतरायचं नसतं. जनावराला शांतपणे जाऊ द्यायचं असतं.

“हॉब्जला काय सांगायचं, काका?”

“नोव्हेंबरात येतो म्हणून सांग.”

मग उरलेल्या वेळात बेंजामिनने समोरच्या गवताकडे पाहत बायकोला सात महिन्यांचं सगळं सांगितलं. बॉयलर बदलला, मायकेलाच्या मुलीला दात आले, आमटीत खोबरं अजूनही कमीच पडतं. श्रीकांत दुसरीकडे तोंड करून, दुर्बीण डोळ्यांना लावून बसला.