चौथा खांदा

पहिली काठी भैय्यालालच्या खांद्यावर बसली, दुसरी डाव्या कानावर. तो निर्मलाबाईवर पालथा पडला आणि तिचं डोकं त्याने छातीखाली ओढून घेतलं. हातपंपाजवळच्या चिखलात तिचे उपटलेले केस पडले होते.

"बाजूले व्हा मोठे बाबा," प्रफुल्ल म्हणाला. "हिनं माही पोरगी खाल्ली."

प्रफुल्ल त्याचा पुतण्या. भैय्यालालला मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ वारल्यावर त्याने आणि कुंताबाईने प्रफुल्लला पोटच्या पोरासारखं वाढवलं. प्रफुल्लची चार वर्षांची गुंजन आठवड्यापूर्वी भंडाऱ्याच्या दवाखान्यात तापाने गेली होती. मग कोणीतरी भगत आणला. भगताने तांदूळ फेकून करणी करणारीचं घर दाखवलं. तळ्याच्या पाळीवर एकट्या राहणाऱ्या निर्मलाबाईचं. ती गुंजनला येता-जाता बोरं द्यायची. लोकांना तेवढा पुरावा पुरला.

"मेंदूत ताप गेला होता तिच्या," भैय्यालाल म्हणाला. "डॉक्टर सांगत होता तवा तू माह्या बाजूलेच उभा होता."

"डॉक्टरनं वाचवलं काय तिले?"

काठी पुन्हा उठली. या वेळी ती निर्मलाबाईच्या पायांवर येत होती. भैय्यालाल अर्धवट उठला, काठी त्याने हवेतच धरली आणि प्रफुल्लचं मनगट उलटं पिळलं. हाड मोडलं. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. मग बाकीचे सगळे एकदम त्याच्यावर तुटून पडले.

भैय्यालाल काही मवाळ माणूस नव्हता. मोहाडीकडचा हा पोरगा तळ्यात पोहायला शिकला आणि सतराव्या वर्षी नौदलात गेला. जहाजाच्या इंजिनरूममध्ये एकदा वाफेची नळी फुटली. आत दोघे अडकले होते. एकाला त्याने फरफटत बाहेर काढलं. दुसऱ्याचा हात धरून ओढला, तर हाताची कातडी तेवढी सुटून आली. त्या दिवसापासून भैय्यालालचा डावा कान गेला आणि झोपेत दात खाण्याची सवय लागली.

तिथली नोकरी संपल्यावर नागपूरजवळ विमानाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तो लेथ यंत्रावर धातू कातणारा टर्नर झाला. केसाएवढा फरक पडला तरी तुकडा भंगारात जायचा, आणि त्याला ते काम आवडायचं. तिथे काम लवकर उरकावं म्हणून सुपरवायझरने एका लेथचं संरक्षक झाकण काढून ठेवलं. शेजारच्या योगेंद्रची बाही फिरत्या तुकड्यात गुंतली. भैय्यालालने मशीन बंद केली, तोवर दोन बोटं गेली होती. योगेंद्रचा हात फडक्यात गुंडाळून झाल्यावर तो सुपरवायझरकडे गेला आणि चार माणसांनी सोडवेपर्यंत त्याला मारत राहिला. त्याची नोकरी जाता जाता वाचली.

गावात परतल्यावर तो मळणीयंत्रं दुरुस्त करायचा. चालू यंत्रात हात घालणाऱ्याला शिव्या घालायचा. लहान पोरं त्याला भ्यायची. गुंजन मात्र बिनधास्त त्याच्या मानेवर बसून गावभर फिरायची.

पोलीस आले तेव्हा निर्मलाबाई जिवंत होती. भैय्यालालच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या आणि लघवीतून रक्त जात होतं. दवाखान्यात जमादार जबाब घ्यायला बसला, तशी कुंताबाई नवऱ्याच्या उजव्या कानाशी वाकली.

"प्रफुल्लचं नाव नका घेऊ. घरचा पोरगा आहे. पोरगी मेली त्याची."

"माही कोणी नव्हती काय ते?"

"म्हणून तं सांगून राहिली."

"पहिली काठी त्याची होती, कुंता. दुसऱ्याइचे पोरं देऊ अन् आपलं लपवू?"

त्याने नावं सांगितली. पहिलं प्रफुल्लचंच. जमादार गेल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडला. त्याची पाठ बराच वेळ हलत होती. कुंताबाई बाकावर बसून होती. तिने त्याला हात लावला नाही.

प्रफुल्ल तुरुंगात गेला. गावाने भैय्यालालकडे यंत्रं आणणं बंद केलं. खिडकीवर दगड आले. निर्मलाबाईचं घर कोणीतरी जाळलं, तेव्हा कुंताबाई स्वतः जाऊन तिला घेऊन आली आणि पडवीत तिची खाट टाकली. त्या माराने भैय्यालालच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. धान कापणीला आलं असताना एका सकाळी तो गेला.

बातमी कळूनही लोक आपापल्या दारात उभे राहिले. नागपूरहून योगेंद्र आला, सोबत त्याचा मुलगा सचिन. दोघांनी तिरडीचे बांबू बांधले. निर्मलाबाईने पदर खोचला आणि न विचारता तिसरी जागा धरली. कुंताबाईला पुढे चालत आगटं, विस्तवाचं मडकं, धरायचं होतं. चौथ्या खांद्याला माणूस नव्हता.

तेवढ्यात प्रफुल्ल आला. जामिनावर सुटून त्याला दोनच दिवस झाले होते. तो अंगणाच्या काठाशी थांबला. निर्मलाबाईने त्याला पाहिलं आणि तिचा हात बांबूवर घट्ट झाला, पण ती जागची हलली नाही.

"मोठी आई," तो म्हणाला.

कुंताबाईने त्याच्या वाकड्या जुळलेल्या मनगटाकडे पाहिलं.

"बरा झाला काय हात?"

"वजन नाही उचलत."

"मंग खांद्यावर घे," ती म्हणाली.

योगेंद्र आणि सचिन मागे गेले. पुढे एका बाजूला निर्मलाबाई, दुसऱ्या बाजूला प्रफुल्ल. तिरडी उचलली तशी ती निर्मलाबाईकडे कलली. निर्मलाबाई उंचीने प्रफुल्लच्या छातीएवढीच होती. प्रफुल्लने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने गुडघे वाकवले, तिरडी सपाट होईपर्यंत अंग खाली घेतलं आणि तसाच वाकून नदीपर्यंत चालत गेला.